मीटरवरचा आकडा दाखवून २२,५०० उकळले, रिमॅप करायला निघालेल्यांनी वाचा

२२,५०० गेले. त्यातले १८,००० ईसीयू रिमॅपचे, म्हणजे ताकद वाढावी म्हणून इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधली (ईसीयू) फाइल बदलायचे, आणि ४,५०० ‘परफॉर्मन्स मीटरवर आधी-नंतर मोजून सिद्ध करून देतो’ याचे. हे ४,५०० जास्त झोंबतात, कारण ते मी खात्री पटावी म्हणूनच दिले होते.

रिमॅपवाल्यांच्या थापा मलाही ठाऊक आहेत. म्हणून तर मोजून दाखवणारा शोधला. काचेला सक्शन कपने चिकटवलेला १० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दहादा वेग टिपणारा जीपीएस मीटर, स्क्रीनवर सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ, खाली जी-फोर्सचा, म्हणजे प्रवेगाचा आलेख. रिमॅपआधी ताशी ० ते १०० किमीला १३.१ सेकंद, नंतर १०.२. जवळपास तीन सेकंदांचा फरक समोर दिसल्यावर विश्वास कोण ठेवणार नाही? मला भोळा म्हणणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

मीटर खरा होता, हीच मेख. पहिली रन (मोजणीची फेरी) चढाला, एसी चालू, मागच्या सीटवर त्याचा माणूस लॅपटॉप घेऊन बसलेला. दुसरी रन उताराला, एसी बंद, मागे कोणी नाही. रस्ता डोळ्याला सपाट दिसायचा, पण चढ दोन टक्क्यांचा होता. एक टक्का चढ म्हणजे ०.०१ जी (एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका प्रवेग). ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण ११ सेकंदांत १०० गाठणाऱ्या गाडीचा सरासरी प्रवेगच मुळी पाव जी असतो. चढाला ०.०२ वजा, उताराला ०.०२ जमा, म्हणजे पावणेदोन सेकंदांचा फरक इथेच पडला. वर दुसऱ्या रनला त्याने गुपचूप ‘वन फूट रोलआउट’ चालू केलं. गाडी फूटभर सरकेपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही. ड्रॅग रेसिंगमधली ही जुनी पद्धत आहे, तीत काही गैर नाही, पण एका रनला चालू आणि दुसरीला बंद ठेवलं की पाव सेकंद फुकटात कमी होतो.

आता तो क्षण, ज्याने अजून डोकं भणभणतं. दुसऱ्या रनच्या आधी गाडी न्यूट्रलमध्ये उभी होती. मी ब्रेकवरचा पाय जरा उचलला आणि गाडी आपोआप पुढे सरकायला लागली. सपाट म्हणून सांगितलेल्या रस्त्यावर! मी त्याच्याकडे पाहिलं तर तो म्हणाला, “पाय ठेवा साहेब, सॅटेलाइट लॉक होतायत.” पहिल्या रनला त्यानेच हँडब्रेक लावायला लावला होता, त्यामुळे गाडी मागे जाते की पुढे हे कळायचा प्रश्नच नव्हता. समोर मीटर, कानाशी त्याची अखंड बडबड आणि पायाखाली उतार. माणूस किती ठिकाणी लक्ष देणार?

हॉर्सपॉवरच्या आकड्याला तर भुलूच नका. मीटर ताकद मोजत नाही, वजन गुणिले प्रवेग गुणिले वेग असा हिशोब करतो, आणि वजन आपण टाकू तेच धरतो. मीटरच्या निकालाची जी छापील स्लिप मिळते, त्यातल्या माझ्या पहिल्या स्लिपवर गाडीचं वजन ११०० किलो आहे, दुसरीवर १२८०. बारीक अक्षरात. म्हणजे १६ टक्के ताकद नुसती बटणं दाबून वाढली.

नंतर एका मित्राचा मीटर घेऊन, एसी बंद करून, रस्त्याच्या त्याच पट्ट्यावर दोन्ही दिशांनी मोजलं. जाताना १२.३, येताना १०.५, सरासरी ११.४. त्याच मॉडेलची, हातही न लावलेली मित्राची गाडी ११.३! मग दुसऱ्या जाणकाराकडून ईसीयूमधली फाइल वाचून घेतली. कारखान्यातून आलेलीच फाइल. रिमॅप झालंच नव्हतं.

तक्रारीचं काय झालं तेही ऐका. पोलीस म्हणाले, काम केलं की नाही हा दोघांमधला वाद आहे, दिवाणीत जा. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, परत कसे मागणार? ग्राहक तक्रार कक्षात मी दोन्ही स्लिपा, रनच्या फायली, फाइल वाचल्याचा अहवाल, सगळं नेलं. समोरच्या बाईंनी विचारलं, “पण गाडी चालते ना?” चालते हो! चालायचे पैसे दिले नव्हते! मग म्हणे, तुमच्या मित्राचा मीटर प्रमाणित आहे का? त्या रिमॅपवाल्याचा मीटर प्रमाणित आहे का, हे मात्र कुणीही विचारलं नाही. वजनमापवाल्यांनी हे आमच्याकडे येत नाही म्हणून दारातूनच वाटेला लावलं. ज्याने फसवलं त्याच्याकडे एक कागद मागायची कुणाची तयारी नाही, आणि पुरावे मात्र सगळे मी आणायचे.

मोजायचंच असेल तर दोन्ही दिशांनी मोजा आणि सरासरी काढा. माणसं, इंधन, एसी, टायरमधली हवा दोन्ही वेळा सारखी हवी. स्लिप घेऊ नका, रनची मूळ फाइल घ्या, उंचीतला फरक तीत दिसतो. जीपीएसशिवाय, नुसत्या अॅक्सेलरोमीटरवर (प्रवेग मोजणाऱ्या सेन्सरवर) चालणारा मीटर असेल तर आणखी सावध: जोर दिल्यावर गाडीचं नाक एक अंश उचललं तरी ०.०१७ जीची चूक होते. बहुतेक फोनचा जीपीएस सेकंदाला एकदाच वेग देतो, त्यावर दशांश सेकंदांचे दावे कसले करता? काट्याकडे बघून स्टॉपवॉच तर दाबूच नका, स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा जास्तच दाखवायला बनवलेला असतो. आणि रिमॅपआधी ईसीयूमधल्या मूळ फाइलची प्रत स्वतःकडे ठेवा, पैसे नंतरची फाइल तिच्याशी ताडून पाहिल्यावरच द्या.

माझी तक्रार अजून ‘प्रक्रियेत’ आहे. तो माणूस रस्त्याच्या त्याच पट्ट्यावर रोज गिऱ्हाइकं नेतो. नेलंच तुम्हाला, तर दुसरी रन पहिल्याच दिशेने करायला सांगा आणि वजनाचा आकडा स्वतः टाका.