मान खाली घालून, की आत्म्याने चालून?

ख्रिस्ती उपासकाळाचे (लेंटचे) 40 दिवस, आणि इंदूरात रात्री घरी जायचा रस्ता सराफ्यातून. सोनारांची शटरं पडली की तव्यावर तूप तडतडतं, भुट्ट्याच्या किसाचा वास गल्लीभर.

पहिला मार्ग निग्रहाचा: मान खाली, झपाझप चाल. जमतं की! पण घरी पोचून पोहे खाणाऱ्या धाकट्यावर खेकसलो. वर तोरा, मी पाळतो, हा पाळत नाही. (आई म्हणाली, ‘जेव आधी, मग बोल.’)

बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या हिशेबात हा तोराही ‘देह’च, म्हणजे देवाच्या आत्म्याविरुद्धची ओढ. त्याच्या गलतीकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात देहाच्या कर्मांत दारूबाजीशेजारीच मत्सर, राग, तट बसलेत. म्हणजे देह हा नुसता पोटाचा मामला नाही. उपाशी पोटीही तो धष्टपुष्ट राहतो.

दुसरा मार्ग देवाच्या पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने चालण्याचा. तिथे कर्मं नाहीत, ‘फळ’ आहे, मूळ ग्रीकमध्येही एकवचनी. गुण 9: प्रीती पहिली, इंद्रियदमन शेवटचं. निग्रह इथेही आहे, पण मुळाशी नाही, फांदीवर. अडचण एकच, उपास मोजता येतो, हे नाही.

मला दुसराच पटतो. तरी सध्या घरी जातो राजवाड्याच्या बाजूने.