त्याचे सगळे कागद जुळत होते

२,९५० डॉलर. आकडा आधीच सांगून टाकते, नंतर सांगायला धीर होणार नाही. पाच हप्त्यांत गेले: ४८०, ६५०, ३९५, १,१५० आणि शेवटचे २७५. साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं तर तिने आधी मनातल्या मनात गुणाकार केला. "जवळजवळ अडीच लाख," म्हणाली. आणि मग, "कशाचे गं? मेलेल्या माणसांचे?"

हो, मेलेल्या माणसांचे. नवऱ्याकडचे लोक मूळचे जर्मन, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये पाच पिढ्या झाल्या. मे महिन्यात सासऱ्यांची ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. या वयाच्या माणसाला भेट काय द्यायची? त्यांचा एकच घोष असायचा: आमचा मूळपुरुष जर्मनीतल्या ब्रेमेन बंदरातून जहाजाने आला, पण त्याआधी तो कुठल्या गावचा ते कुणालाच माहीत नाही. म्हटलं, आपण ते गाव शोधून देऊ. खरं आडनाव लिहीत नाही, श्मिट समजा. मूळपुरुष योहान. आणि ज्यांनी हा उद्योग केलाय त्यांना ठाऊक असेल की 'योहान श्मिट' शोधणं म्हणजे कोल्हापुरात 'पाटील' शोधणं. त्यातून जर्मनांत एकाच घरातल्या चार भावांचं पहिलं नाव योहान असायचं आणि हाक मारायचं नाव दुसरंच.

दोन महिने मी एकटीने केलं आणि बरंच केलं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८६०च्या जनगणनेत योहानचा जन्म प्रशियात. १८७०च्या जनगणनेत मेक्लेनबर्गमध्ये, म्हणजे वेगळ्याच जर्मन राज्यात. १८८०मध्ये परत प्रशिया. वय प्रत्येक वेळी दहा वर्षांनी वाढायला हवं, इथे एकदा आठने वाढलं, एकदा तेराने. नागरिकत्वासाठीच्या अर्जात जुन्या राजाची निष्ठा सोडतो असं लिहून द्यावं लागायचं, तिथे त्याने प्रशियाच्या राजाचं नाही, मेक्लेनबर्गच्या ग्रँड ड्यूकचं नाव घेतलेलं. १८९०ची जनगणना तर जवळजवळ सगळीच गेली, १९२१ साली वॉशिंग्टनला लागलेल्या आगीनंतर. १९००च्या जनगणनेत त्याची विधवा सांगते, आम्ही १८५३ साली आलो. घरातली पोथी म्हणते १८५४. आणि थडग्यावर जन्मतारीखच नाही. जुन्या जर्मन रीतीप्रमाणे मृत्यूची तारीख आणि खाली 'वय ५७ वर्षं, ४ महिने, १७ दिवस'. उलटा हिशेब करून मी जन्म काढला: १७ मार्च १८३१. या तारखेचा मला फार अभिमान वाटला होता. ती लक्षात ठेवा.

म्हणजे पुरावे होते, पण सासुरवाडीच्या लग्नातल्या मानकऱ्यांसारखे, एकाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं. वैताग आला. त्याच आठवड्यात 'तो' भेटला.

जर्मनीत राहतो, खासगी वंशशोधक, लेटरहेडवर गरुड, मागे दस्तांनी भरलेली कपाटं असलेला फोटो. बोलणं आर्जवी. पहिल्याच मेलमध्ये म्हणाला, "तुमच्याकडे आहे ते सगळं मला आधी पाठवा, म्हणजे दुहेरी काम होणार नाही." किती समंजस माणूस, असं वाटलं मला! कुडमुड्या जोशी अंगणात आला की घरातल्या म्हातारीकडूनच सगळं काढून घेतो आणि तेच तिला भविष्य म्हणून ऐकवतो, हे लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. तरी मी जनगणनेची पानं, अर्ज, थडग्याचे फोटो, माझी १७ मार्च, ब्रेमेनची गोष्ट, सगळं नीट फोल्डर करून, वर क्रमांक घालून पाठवलं. ज्याला पैसे देताय त्याला सगळं कधीच देऊ नका. एक तारीख, एक नाव हातात राखा. त्याने ते स्वतःहून आणलं तर तो शोधक.

विश्वास का बसला तेही सांगते. २००९मध्ये बाबांच्या अस्थी घेऊन नाशिकला गेलो होतो. रामकुंडाजवळ गुरुजींनी विचारलं, गाव कोणतं, आडनाव काय. मग लांबुडकी वही काढली आणि माझ्या पणजोबांची सही दाखवली. मोडीत. मला मोडीचं अक्षर येत नाही. गुरुजींनी वाचलं, मी मान डोलावली, डोळे भरून आले. कुठेतरी एक वही असते, ती वाचणारा एक माणूस असतो, आणि आपण त्याच्यावर विसंबायचं असतं, हे माझ्या रक्तात आहे. जर्मन चर्चबुकं, म्हणजे चर्चमधल्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या वह्या, कर्रेंट लिपीत असतात. ती म्हणजे त्यांची मोडीच. तीही मला येत नव्हती. फरक इतकाच की नाशिकच्या गुरुजींनी अडीच लाख मागितले नव्हते.

सहा आठवड्यांत त्याने सगळं सोडवलं. ४८० नोंदणीचे, ६५० चर्चबुकाचे. योहान पोमेरानियाचा, म्हणजे प्रशियाचा. बाप्तिस्म्याची नोंद, जन्म १७ मार्च १८३१. ब्रेमेन बंदराची १८५४ची प्रवासी यादी, त्यात योहान, वय २३. मेक्लेनबर्गचं काय, विचारलं तर म्हणाला, "जनगणनेचे कारकून दारात उभा असेल त्याला विचारून लिहायचे, कधी शेजाऱ्यालासुद्धा. चर्चबुक अंतिम." यातलं पहिलं वाक्य खरं आहे, म्हणूनच दुसरं गळी उतरलं.

आता जिथे मी थांबायला हवं होतं ती जागा. रात्री अकरा वाजता, जेवणाच्या टेबलावर, ती प्रवासी यादी माझ्यासमोर उघडी होती. ब्रेमेन, १८५४. आणि त्याच्या बरोबर तीन आठवडे आधी मी स्वतः वाचलं होतं, वहीत टिपूनही ठेवलं होतं, की ब्रेमेनच्या त्या काळातल्या याद्या उरलेल्याच नाहीत. जागा नाही म्हणून तिथे जुन्या याद्या नष्ट करत गेले, राहिलेल्या बहुतेक दुसऱ्या महायुद्धात गेल्या. आज आहेत त्या १९२० ते १९३९च्या. हॅम्बर्गच्या मात्र १८५०पासूनच्या टिकल्या. माझ्याच अक्षरात, माझ्याच वहीत, खाली दोन रेघा मारून. आणि मी काय केलं? त्या यादीचा फोटो नवऱ्याला पाठवला, वर तीन आनंदी चेहरे लावून.

हे सगळ्यात जास्त झोंबतं, कारण माझा पोटापाण्याचा धंदाच हा आहे. मी विमा कंपनीत क्लेम तपासते. ज्या क्लेमचे सगळे कागद पहिल्याच दिवशी एकमेकांशी जुळतात, तो आम्ही बाजूला काढून ठेवतो. खऱ्या अपघातात बायको सांगते साडेसात, पोलीस लिहितात आठ, हॉस्पिटल म्हणतं पावणेसात. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या गरीब माणसाच्या आयुष्यात मात्र कागद एकमेकांना टाळ्या देत होते आणि मला शंका आली नाही. वाढदिवसाची घाई होती, हे कारण आहे. पण ते मी ऑफिसात क्लेमवाल्याचं ऐकून घेतलं नसतं.

मग ३९५ 'प्रमाणित भाषांतर आणि अपोस्टिल'चे. अपोस्टिल म्हणजे सही-शिक्का खऱ्या अधिकाऱ्याचा आहे एवढंच. आतला मजकूर खरा की खोटा याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. आणि माझ्या कागदावरचं तर अपोस्टिलही नव्हतं, नुसती सोनेरी चकती.

पुढचे १,१५०. हे लिहिताना कान तापतात. पोमेरानियातल्या श्मिटांची एक शाखा 'फॉन' लावणारी, सरदार घराण्याशी जोडलेली असण्याची 'दाट शक्यता' त्याला दिसली. सासऱ्यांचे डोळे असे चमकले की नाही म्हणवेना. आणि खोटं कशाला बोलू, मलाही आवडलं. आपल्याकडे तरी काय वेगळं? प्रत्येकाचा पूर्वज पानिपतावर लढलेला असतो, पळून आलेला कुणाचाच नसतो. शेवटचे २७५ ढालीवर काढलेल्या 'कुलचिन्हा'चे, फ्रेमसकट. आडनावावरून ढाल विकणारा दिसला की दार लावून घ्या; चिन्ह एखाद्या विशिष्ट घराण्याचं असतं, जगातल्या तमाम श्मिटांचं नसतं. हा धंदा जुना आहे हेही आता कळलं. गुस्ताव आंजू नावाचा एक स्वीडिश माणूस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कजवळ बसून श्रीमंत अमेरिकनांना बनावट वंशावळी विकायचा. त्याच्या खोट्या नोंदी अजून लोकांच्या वंशवृक्षांवर लटकलेल्या सापडतात.

कळलं कसं? फुकटात. विस्कॉन्सिनमधल्याच ज्या ल्युथरन चर्चच्या आवारात योहान पुरलेला आहे, तिथल्या ऑफिसातल्या बाईंना मी मृत्युनोंदीची प्रत मागितली होती, फ्रेम करून लावायला. त्यांनी दफनाच्या वहीचं अख्खं पान पाठवलं. मी देणगी म्हणून वीस डॉलर दिले, तेही त्या नको म्हणत होत्या. पानावर लिहिलेलं: वय ५७ वर्षं, ४ महिने, ११ दिवस. जन्म २३ मार्च १८३१. आणि जन्मगाव, चक्क गावाचं नाव, मेक्लेनबर्ग-श्वेरीन.

मी गाडी काढून थडग्याशी गेले, बोट फिरवून पाहिलं. जर्मन एकाला वर लांब शेंडी असते, आपल्याला तो सातासारखा दिसतो. शेवाळ होतं. मी ११चे १७ वाचले होते. म्हणजे १७ मार्च ही तारीख जगात फक्त माझ्या चुकीतून जन्मली होती. आणि ती १८३१ सालच्या पोमेरानियातल्या पाद्र्याने आपल्या वहीत उतरवली होती! तिथेच गवतावर बसले मी.

घरी येऊन त्याचा बाप्तिस्मा पुन्हा उघडला. आता सगळंच दिसायला लागलं. शिक्का 'श्टांडेसआम्ट'चा, म्हणजे सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाचा. प्रशियात ती कार्यालयं आली १८७४मध्ये. अक्षर ज्युटर्लीन वळणाचं, जे तयारच झालं १९११मध्ये. आणि प्रत्येक अक्षर हुबेहूब दुसऱ्यासारखं, कारण तो कॉम्प्युटरचा फॉन्ट होता. पानाचा तुकडाच दिला होता, वरखाली शेजारपाजारच्या नोंदी नाहीत. तुकडा घेऊ नका. अख्खं पान मागा, कोणत्या दफ्तरखान्यातलं, कोणता खंड, कितवं पान हे लिहून मागा.

त्याला मेल केली. उत्तर नाही. लेटरहेडवरचा पत्ता नकाशावर टाकला तर तिथे गाड्या धुण्याचं दुकान.

आणि मग सुरू झाली वरात. बँकेत म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः 'मित्र आणि नातेवाईक' या पर्यायातून पाठवलेत, त्याला संरक्षण नाही. त्यानेच तो पर्याय सुचवला होता, 'कमिशन वाचेल' म्हणून. ज्या क्षणी कुणी हे सुचवेल त्या क्षणी फोन ठेवा. बँकेतल्या तरुणाने वर विचारलं, "पण मॅडम, वंशावळ तर मिळाली ना तुम्हाला?" पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या. पहिल्यांदा अधिकारी जेवायला गेलेले. दुसऱ्यांदा सांगितलं हा दिवाणी मामला आहे. तिसऱ्यांदा एकाने कागद हातात घेऊन विचारलं, चोरी नक्की कशाची झाली? पूर्वजाची? शेजारचा हसला. केंद्र सरकारच्या तक्रारीच्या फॉर्मवर फसवणुकीचे प्रकार निवडायचे असतात. प्रेमप्रकरण आहे, लॉटरी आहे, कुत्र्याचं पिल्लू आहे, वंशावळ नाही. 'इतर' निवडलं. आपोआप येणारं उत्तर आपोआप आलं, त्यानंतर आजतागायत शुकशुकाट. जर्मनीतल्या पोलिसांना इंग्रजीत लिहिलं तर जर्मनमध्ये लिहा असं उत्तर. जर्मनमध्ये लिहून घेतलं, तर संशयिताचा पूर्ण पत्ता कळवा! अहो, पत्ता माझ्याकडे असता तर मी तुमच्याकडे कशाला आले असते? चार ठिकाणी चार तक्रार क्रमांक मिळाले, आणि चारही कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात.

माझ्या मंडळातल्या दोन मैत्रिणींनी हे ऐकून सांगितलं की त्याच नमुन्याच्या माणसाने त्यांना जर्मन पासपोर्टचं गाजर दाखवलंय, नवऱ्याच्या पणजोबांच्या जिवावर. त्यांच्यासाठी लिहिते: १९०४च्या आधी देश सोडलेल्याने दहा वर्षं बाहेर काढली की, वकिलातीत नाव नोंदवलेलं नसल्यास, त्याचं नागरिकत्व साधारणपणे जुन्या कायद्यानेच संपायचं. पणजोबा १८८२ साली आले असतील तर पैसे पाठवू नका.

गाव कळल्यावर मी हॅम्बर्गच्या याद्या काढल्या. एका संध्याकाळचं काम. १८५४चा एप्रिल, त्याच गावचा योहान, आडनावात एक 'टी' जास्त, धंदा रोजंदार मजूर. लगेच खालच्या ओळीत त्याच गावची एक मुलगी, आडनाव वेगळं. तिच्याशी त्याचं लग्न लागलं सप्टेंबरमध्ये, विस्कॉन्सिनला. मेक्लेनबर्गमध्ये वेठबिगारी १८२०मध्ये कागदोपत्री संपली तरी जमीनदार राहायचा हक्क देईल तेव्हाच मजुराचं लग्न व्हायचं. हे दोघं लग्न करायला समुद्र ओलांडून आले होते.

सासऱ्यांना सगळं सांगितलं. ढाल त्यांनी भिंतीवरून काढली नाही, भोक दिसेल म्हणतात. पण तिच्या काचेवर हॅम्बर्गच्या त्या ओळींची प्रत टेपने चिकटवली आहे. यादीत योहानचं वय २५ आहे, दफनाच्या वहीप्रमाणे ते २३ हवं. कुठलं चूक ते मेक्लेनबर्गच्या चर्चबुकात बघायचंय, आणि या वेळी मी स्वतः बघणार. कर्रेंट शिकायला घेतली आहे. त्यातल्या 'ई' आणि 'एन'मध्ये अजून गोंधळ होतो.