तूलाँ की २० वर्षांखालील विश्वचषक?

फ्रान्समध्ये शिकणाऱ्या पुतण्याचं अडलंय: जूनमध्ये दक्षिण फ्रान्समधली तूलाँची युवा फुटबॉल स्पर्धा गाठायची, की पैसे साठवून फिफाचा २० वर्षांखालील विश्वचषक बघायचा?

खर्चात तूलाँ सरळ पुढे. आता तिचं नाव मॉरिस रेवेलो स्पर्धा. सामने प्रोव्हान्समधल्या ओबान्यसारख्या छोट्या गावांतल्या मैदानांवर होतात, खेळाडूच्या शिव्यासुद्धा ऐकू येतात. विश्वचषक मात्र दर दोन वर्षांनी, आणि तोही कुठे? २०२३ ला इंडोनेशियाकडून काढून ऐनवेळी अर्जेंटिनात नेला, २०२५ ला चिलीत. नुसतं विमानाचं तिकीटच खिसा रिकामा करेल.

चुरस म्हणाल तर विश्वचषकाला तोड नाही. तिथे २४ संघ, यजमान सोडला तर सगळे पात्रता फेरीतून येतात, तूलाँत निमंत्रणावर. त्यामुळे कुणी ताकदीचा संघ पाठवतं, कुणी चाचपणीपुरता. अनेक वर्षं तिथे सामनाही ८० मिनिटांचाच असायचा.

‘उद्याचे तारे बघा’ ही जाहिरात दोघांचीही. ती सोडून द्या. युवा संघांसाठी खेळाडू सोडायची सक्ती क्लबांवर नाही, त्यामुळे ज्याच्यासाठी जाल तोच नसायचा. बाकी इतिहासात बरोबरी: रोनाल्डो २००३ ला तूलाँत चमकला, मेस्सी २००५ च्या विश्वचषकात.

नवे खेळाडू जवळून न्याहाळायचे असतील, तर तूलाँ. पोरा, तू तिथेच जा. बाद फेरीची धाकधूक हवी असणाऱ्याने विश्वचषकच बघावा, पण घरी, टीव्हीवर.