हॅलोविनचा आयता सेट: कोकणातल्या हॉलमध्ये काय टिकतं आणि काय गळून पडतं

ऑनलाइन तीनशे-चारशे रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या हॅलोविनच्या सेटमध्ये माल साधारण एकसारखाच येतो. पीव्हीसीची बारा-सोळा काळी वटवाघळं, कोळ्याच्या जाळ्याचं एक पाकीट, त्यात चार-सहा प्लॅस्टिकचे कोळी, नारिंगी-काळे फुगे, अक्षरांचा कागदी बॅनर आणि चिकटवायला फोम टेपचे चौकोनी तुकडे. फोटोत या सगळ्याने भरलेली अख्खी खोली दिसते. प्रत्यक्षात पैसे वसूल होतात ते वटवाघळांत आणि जाळ्यात. बाकीच्या वस्तूंना रत्नागिरी, मालवण, श्रीवर्धनची हवा सोसत नाही, आणि त्यांच्या जागी घरच्या माडाचा माल जास्त चांगला दिसतो.

कारण हवेतच आहे. हॅलोविनच्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला, कोकणात पाऊस सरलेला असतो, दुपारी चटके बसतात, पण पहाटेपर्यंत हवा दमट होते. पातळ कागद हा दमटपणा पितो आणि कडेने वळतो. घामट भिंतीवर टेपची पकड सुटते. वर पंखा दिवसभर चालू, त्यामुळे जे हलकं लटकतं ते फिरून दोऱ्याला पीळ बसतो. सजावट ठरवताना या तीन गोष्टी आधी धरा, मगच खरेदीला हात घाला.

वटवाघळं पीव्हीसीची असल्याने ओल पीत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. पण ती सपाट येतात आणि सपाटच चिकटवली तर भिंतीवर डाग पडल्यासारखी दिसतात. मधल्या अंगाच्या दोन्ही बाजूंनी पट्टी धरून पंख वर दुमडा, साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांत. मग फक्त पोटाला टेप लावायची. पंखांची सावली भिंतीवर पडली की बाराची चोवीस भासतात. चारही भिंतींवर तीन-तीन वाटून टाकू नका, सगळा थवा एकाच भिंतीवर घ्या. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून निघालेली लहान वटवाघळं, मग मधली, मग मोठी, अशी तिरकी रांग धरली की ती आत शिरतायत असं वाटतं.

सेटमधली टेप मात्र तशीच वापरू नका. आधी भिंतीवरून तळहात फिरवा. हाताला पांढरी भुकटी लागली तर भिंत डिस्टेंपरची किंवा चुन्याची आहे. तिथे टेप एकतर रात्रीत सुटते, नाहीतर काढताना रंगाचा पापुद्रा घेऊन येते. अशा भिंतीवर आधी कागदी मास्किंग टेपचा तुकडा दाबून बसवा आणि त्याच्यावर फोम टेप. मास्किंग टेपची पकड मऊ असते, पण पीव्हीसीचं वटवाघूळ ग्रॅम-दोन ग्रॅमचंच, तेवढं ती सहज धरते. प्लॅस्टिक पेंटच्या भिंतीवर कोरड्या फडक्याने पुसून, अर्धा मिनिट दाबून धरलं की काम झालं. उघड्या जांभ्याच्या भिंतीवर कुठलीच टेप बसत नाही. दगडाच्या भोकांमुळे तिला सपाट जागाच मिळत नाही. तिथे दाराच्या चौकटीपासून खिडकीच्या गजापर्यंत काळा दोरा ताणा आणि वटवाघळं त्याला अडकवा. कौलारू घरात वाशांना दोरा बांधता येतो. पंख्याच्या पात्यापासून मात्र किमान तीन फूट लांब राहा.

सेटमधली सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे जाळं, आणि बहुतेक घरांत सगळ्यात वाईट लावलेलीही तीच. पाकिटातून निघतो तो पॉलिएस्टरच्या तंतूंचा गोळा. तो तसाच कोपऱ्यात ठेवला की गादीतला कापूस बाहेर आल्यासारखा दिसतो. त्यातून चिमूटभर, अक्षरशः दोन बोटांत मावेल एवढं घ्या. एक टोक पडद्याच्या दांडीला अडकवा आणि दुसरं टोक हळूहळू शोकेसच्या मुठीपर्यंत ओढत न्या. तंतू सुटे होऊन पलीकडची भिंत दिसू लागली की थांबा. मग मधूनच एक पदर धरून खाली खुर्चीच्या पाठीला ताणा. ताणल्याशिवाय जाळं होत नाही, आणि ताणायला तीन टोकं लागतातच. वीस ग्रॅमच्या पाकिटात हॉलचे दोन कोपरे नीट होतात. कोळी दोनच बसवा, तेही जाळ्याच्या मध्यावर नव्हे तर कडेला.

दोन ठिकाणी हे जाळं लावायचंच नाही. पणती, उदबत्ती, समई यांच्याजवळ नको, कारण पॉलिएस्टर वितळतं आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटून भाजतो. आणि अंगणात, झाडांवर, उघड्या पडवीत नको, कारण लहान पक्षी त्यात अडकतात. आपल्याकडे शिंजीर अगदी दारातल्या जास्वंदीवर येतो, त्याचे पाय या तंतूंतून सुटत नाहीत. काढताना जाळं ओढू नका, काठीवर गुंडाळत आणा.

फुगे दुपारच्या उन्हाने तापलेल्या हॉलमध्ये फुटतात किंवा एका दिवसात मलूल होतात. हवेने सत्तर टक्केच भरले तर थोडे जास्त टिकतात. बॅनरचा कागद इतका पातळ असतो की सकाळपर्यंत अक्षरं वळून बसतात. बॅनर हवाच असेल तर स्टेशनरीच्या दुकानातून जाड काळी कार्डशीट आणून अक्षरं कापा आणि काथ्याच्या सुतळीला लाकडी चिमट्यांनी लावा. क्रेप कागद टाळाच, ओल लागली की त्याचा रंग भिंतीवर उतरतो आणि तो पुसून जात नाही.

आता सेटमध्ये नसलेली वस्तू: कोरलेल्या तोंडाचा दिवा. हॅलोविनच्या मूळ प्रथेत आयर्लंड-स्कॉटलंडकडे सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. लोक अमेरिकेत गेले तेव्हा तिथला मोठा, कोरायला सोपा भोपळा हाती आला. म्हणजे दिवा जे मिळेल त्यात बसला आहे. आपल्याकडे त्याला नारळासारखं दुसरं फळ नाही, कारण नारळाला तोंड आधीच असतं.

सोललेल्या नारळाची शेंडी काढली की खाली तीन डोळे दिसतात. नारळ मधोमध फोडून डोळ्यांकडची कवड घ्या. फोडताना कोयत्याच्या पाठीने नारळ फिरवत मधल्या रेषेवर हलके घाव घालायचे, एकदम जोराचा घाव घातला की कडा वेडीवाकडी तुटते. खोबरं विळीवर खवून घ्या आणि कवड दोन दिवस कडक उन्हात ठेवा, म्हणजे उरलेला थर आकसून स्वतःच सुटतो. हा थर राहिला तर खवट वास येतो आणि मुंग्यांची रांग लागते. बाहेरचे तंतू काचेच्या तुकड्याने खरवडतात, पण हाताला इजा नको असेल तर ८० नंबरचा आणि मग १२० नंबरचा पॉलिश पेपर पुरतो. वरच्या बाजूला थोडा काथ्या तसाच राखा, ते केस.

तीन डोळ्यांपैकी मोठा असतो तोच मऊ. कोंब तिथूनच फुटतो, म्हणून त्याच्याखाली कवच नसतं आणि स्क्रू ड्रायव्हर सहज आरपार जातो. हे झालं तोंड. वरचे दोन डोळे दिसायला खोलगट, पण त्यांच्याखाली करवंटी पूर्ण जाड आहे. तिथे खिळा तापवून टोचला तर नुसता धूर होतो आणि ठोकला तर करवंटीला चीर जाते. सहा मिलिमीटरचं ड्रिल हळू फिरवा, आतून लाकडाच्या ठोकळ्याचा आधार द्या. मग कवड आडवी करून तिची उघडी बाजू भिंतीकडे ठेवा, खाली सुंभाची चुंबळ ठेवा म्हणजे गडगडणार नाही, आणि मागे बॅटरीची एलईडी पणती. समोर तीन भोकांतून उजेड येतो आणि कडेने भिंतीवर नारिंगी वलय पडतं. अशा पाच करवंट्या टीव्हीच्या फळीवर ओळीने ठेवल्या की सेटमधलं काहीच आठवत नाही.

भोपळाच हवा असेल त्यांच्यासाठी: आपला लाल भोपळा बाहेरून हिरवट-तपकिरी, नारिंगी रंग आत. त्यामुळे आरपार कोरण्यापेक्षा नुसती साल चेहऱ्याच्या आकारात तीन-चार मिलिमीटर खरवडली तरी चेहरा उठून दिसतो, आणि भोपळा न उघडल्यामुळे जास्त टिकतो. उजेड समोरून द्यायचा. दिवा आत हवाच असेल तर दोन-तीन किलोचा घ्या आणि वरून नव्हे, बुडातून कापा. देठाचं झाकण कापलं की ते सुकून आत पडतं. बुड कापलेला भोपळा दिव्यावर टोपीसारखा ठेवता येतो. आतली भिंत बोटभर जाडीची ठेवून गर काढा, आतून व्हिनेगरने पुसून कोरडा करा. एवढं करूनही आपल्या हवेत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशी धरते, म्हणून कोरायचा तो ३१ तारखेच्या सकाळीच. निघालेल्या गराचे घारगे करा, बिया धुऊन वाळवा.

भुतं लटकवायची तर जुन्या पातळ धोतराचा दोन फुटी चौकोन घ्या. बाटलीवर फुगलेला फुगा बसवा, कापड फेविकॉल आणि पाणी समसमान करून त्यात भिजवा, पिळा आणि फुग्यावर पांघरा. उन्हात चार-पाच तासांत कडक होतं, मग फुगा फोडून काढून घ्यायचा. भाताच्या पेजेची खळ इथे वापरू नका. ती दमट हवेत परत नरम होते आणि झुरळं खातात.

उजेडाकडे लक्ष दिलं नाही तर वरची सगळी मेहनत वाया जाते. ट्यूबलाइट चालू असेल तर जाळं दिसतच नाही. ट्यूब बंद, एक एलईडीचा दिवा जमिनीवर वटवाघळांच्या भिंतीकडे तोंड करून, त्याच्यासमोर नारिंगी जिलेटीन कागद, दिव्याला न टेकवता चार-पाच इंच पुढे. दिवा खाली असला की सावल्या वर मोठ्या होत जातात. दिवाळीची माळ वापरा, पण फक्त पिवळी आणि न लुकलुकणारी. वीज जाण्याची सवय असलेल्या गावांत बॅटरीच्या पणत्या जवळ असाव्यात. त्यांतले बटण सेल लहान मुलांच्या घरात मोठा धोका आहेत. गिळला गेलेला सेल अन्ननलिकेला दोन तासांतही भाजू शकतो, तेव्हा झाकणाला स्क्रू नसलेली पणती घेऊच नका.

दिवाळीशी या तारखेचं गणित दरवर्षी बदलतं. २०२४ ला नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला होती, २०२५ ला २० तारखेलाच होऊन गेली. दिवाळी आधी असेल तर माळा आणि कंदील वर असतातच, फक्त जिलेटीन बदलायचा. सावंतवाडी-बांद्याकडे नरकासुर करणाऱ्या पोरांकडे कागदी लगद्याचे मुखवटे असतात. आयत्या सेटमधल्या कुठल्याही प्लॅस्टिकच्या तोंडापेक्षा ते सरस आहेत, पण पहाटे जाळायच्या आधी मागून घ्यावे लागतात. दिवाळी पुढे असेल तर घरातल्या मोठ्यांना विचारूनच हॉलमध्ये जाळी लावा. चेटकिणीचा झाडू म्हणून वापरातला झाडू भिंतीला टांगू नका, कित्येक घरांत तो लक्ष्मी मानला जातो. हिरांची नवी जुडी बांधली की तेच काम होतं.

सेट मागवायचा तर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, आणि जमलं तर पूर्ण सेटऐवजी वटवाघळं आणि जाळं सुटं. खर्च जवळपास निम्म्यावर येतो. ठेवताना वटवाघळांचे पंख सरळ करून ती पुस्तकात दाबा, भुतं आणि करवंट्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. कागदाचं काहीही पुढच्या वर्षासाठी जपू नका, पावसाळ्यात त्याला बुरशी येणारच. पणत्यांतले सेल त्याच रात्री काढा. खाऱ्या हवेत पत्र्याच्या पट्ट्या हिरव्या पडतात, तसं झालं तर १२० नंबरचाच पॉलिश पेपर हलका फिरवा आणि कोरड्या फडक्याने पुसा.