सौर झटका मशीन : सातपुड्याच्या पायथ्याच्या शेतासाठी

पीक खाणाऱ्या हरणावर बंदूक उचलायचा प्रश्नच नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती शिकार बंद आहे. यावल-चोपड्याकडे हरभरा-मका राखायला १२ व्होल्टचं झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत थांबून थांबून विजेचा झटका सोडणारं यंत्र, खरंच कामाचं. सेकंदाला साधारण एक ठोका. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. सायरनवालंच घ्या, तार तुटली की लगेच कळतं.

घोटाळा होतो तो अर्थिंगमध्ये, म्हणजे मशीनला जमिनीशी जोडणाऱ्या सळईत. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, सळईभोवती पोकळी पडते आणि झटका मिळमिळीत होतो. सळई खोल ठोका, बुडाशी पाणी घालत राहा. तारेला गवत टेकलं की करंट तिथेच जमिनीत उतरतो. रानडुकरासाठी खालची तार वीतभरच उंच हवी, म्हणजे तण सतत काढावं लागणारच. घरची लाइन मात्र तारेत कधीच सोडू नका, माणूस जातो.