पीसीओएस आणि वजन: टेकडी की जिम?

पीसीओएस (बायकांच्या हार्मोन्सचा बिघाड) असल्याने पाळी अनियमित, वजन हटत नाही आणि हाताशी दिवसाला जेमतेम तासभर. मग पुण्यातली तळजाई टेकडी चढायची की जिम लावायची?

खर्चात टेकडी सरळ जिंकते. चांगले बूट घेतले की झालं. जिमची वर्षाची फी मात्र एकदम भरू नका, आधी महिनाभर जाऊन बघा.

खरा फरक इन्सुलिनचा. पीसीओएसमध्ये बऱ्याच जणींचं शरीर इन्सुलिनला (रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या हार्मोनला) नीट दाद देत नाही. जेवणातली बरीचशी साखर स्नायूच उचलतात, म्हणून वजनं उचलून स्नायू कमावण्याला इथे जास्त किंमत आहे. आठवड्यातून दोनदा, मध्ये खाडा ठेवून: स्क्वॅट (वजन घेऊन उठाबशा), रोइंग (वजन स्वतःकडे ओढणं), डोक्यावर वजन ढकलणं, प्रत्येकी ८ ते १२ वेळा, ३ फेऱ्या. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या नाहीत तर वजन वाढवा. चालण्याने साखर खपते, पण बोलता येईल नि गाता येणार नाही इतका वेग हवा, आठवड्याला साधारण २५० मिनिटं.

टेकडीचं गणित पावसाळ्यातल्या चिखलात आणि उतरल्यावरच्या वडापावात बिघडतं. जिममध्ये तासभर ट्रेडमिलच केली, तर टेकडी काय वाईट होती?

काटा हलला नाही तरी कंबर मोजत राहा. ५ टक्के वजन उतरलं तरी पाळी सुधारू शकते.

उतरताना गुडघे दुखत असतील किंवा पहाटे उठणं जमत नसेल, तर जिम. पैसे वाचवायचे असतील तर टेकडी, पण दोन दिवस घरी डंबेल्स हवेतच.