मीटर बसवायला क्लास ० रबरी हातमोजे : घ्यावेत का?

घ्यावेतच. बेळगाव, निपाणी, खानापूर, कुठेही मीटर जोडताना खरा धोका सर्व्हिस वायरचा, म्हणजे खांबावरून मीटरपर्यंत येणाऱ्या तारेचा. घरातला मेन स्विच पाडला तरी मीटरच्या इनकमिंग टर्मिनलवर, म्हणजे ही तार जिथे जोडतात तिथे, २३० व्होल्ट तसाच असतो. आधी सप्लाय खांबावरूनच तोडून घ्यावा. मोजे ही त्यानंतरची ढाल.

क्लास ० मोजे १००० व्होल्ट एसीपर्यंत चालतात, म्हणजे थ्री-फेजलाही पुरतात. ज्यांवर क्लास छापलेला नाही असे स्वस्त मोजे कृपा करून घेऊ नका. क्लास ० मोज्यांची मोठी उणीव म्हणजे जाडी. टर्मिनलचा स्क्रू किती आवळला ते बोटांना कळत नाही, आणि ढिला राहिलेला स्क्रू तापून टर्मिनल ब्लॉक जळतो. आवळल्यावर वायर ओढून पाहायचीच. रबरी मोज्यांवरून चामडी मोजे हवेत. तारेचं टोक रबरात घुसलं की मोजा बाद.

रोज मनगटाकडून गुंडाळून हवा कोंडा आणि गळती कानाने ऐका. खानापूरच्या पावसात भिजले तर सावलीत वाळवा, उन्हात रबर तडकतं. घरात इन्व्हर्टर किंवा जनरेटर असेल तर घराकडून मीटरकडे उलटा करंट येऊ शकतो. तिथे निऑन टेस्टरवर (दिवा लागणारा स्क्रूड्रायव्हर) विसंबू नका, दोन टोकं टेकवायच्या टू-पोल टेस्टरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थही तपासा.